तिसरी टिकली

जयमालावहिनींना अडतीस मार्क पडले आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. माझा गुन्हा एवढाच, की मला एक्क्याऐंशी पडले होते.

हे मार्क कसले, ते आधी सांगते. मी सुवर्णा ढवळे. बारा वर्षं नर्स होते, गेली अठरा वर्षं डूला आहे. सरकारी कागदावर आम्हाला ‘प्रसूतिसखी’ म्हणतात, पण अख्ख्या तासगावात तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. काम सांगायला सोपं आहे. प्रसूतीच्या खोलीत डॉक्टर बाळाकडे बघतात, नर्स पडद्यावरच्या आकड्यांकडे बघते आणि मी बाईकडे बघते. मी औषध देत नाही, तपासत नाही, टाके घालत नाही. कंबर दाबते, पाणी पाजते, कूस बदलायला हात देते, आता पुढं काय होणार ते खरं खरं सांगते आणि बाळ हातात येईपर्यंत खोलीतून हलत नाही. त्यानंतर सव्वा महिना घरी ये-जा करते. लोकांना वाटतं, बाळ झालं म्हणजे काम संपलं. ते तिथंच तर सुरू होतं.

पूर्वी माझ्या कामाला धड पुरावा नव्हता. सतत कुणीतरी सोबत असलं की बाया लवकर मोकळ्या होतात, सिझेरियनं कमी होतात, असे अभ्यास होते. पण का होतं, ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. मग टिकली आली.

प्रसूतीच्या कळांमागे ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक असतं. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी आहे, तिच्यातून ते लाटांनी रक्तात उतरतं आणि काही मिनिटांत विरून जातं. त्यामुळे एकदा रक्त काढून तपासलं तर हाती फारसं काही लागत नसे. बाई घाबरली की अ‍ॅड्रिनलिन, म्हणजे भीतीचं संप्रेरक, चढतं, त्या लाटा विस्कटतात आणि कळा मंदावतात. हे डॉक्टरांना ठाऊक होतं, पण ते घडत असताना कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. टिकली म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढी चकती, दंडावर चिकटवायची. तिच्या खालच्या अंगाला केसाहून बारीक सुया असतात. त्या कातडीच्या जरा खाली, पेशींमधल्या पाण्यात पोचतात आणि दर मिनिटाला ही दोन्ही संप्रेरकं मोजतात. चकती नाडी आणि श्वासही नोंदवते. दुखत अजिबात नाही.

कुणातरी हुशार माणसानं शेजारी बसणाऱ्यालाही टिकली लावून पाहिली आणि खरा शोध तिथं लागला. शेजारच्याची भीती किंवा शांतपणा एक-दीड मिनिटात बाईच्या आलेखात उतरतो. कुणाच्या शेजारी तिच्या लाटा नीट चालतात, कुणाच्या शेजारी चालत नाहीत. त्यावरून जोडीला शंभरपैकी गुण द्यायचे, त्याला नाव ‘मेळ’. लग्नाच्या पत्रिकेत छत्तीस गुण, इथे शंभर. गावाला हे समजावून सांगायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

दोन हजार एकेचाळीस साल उजाडेपर्यंत नियमच झाला. सातव्या महिन्यात चाचणी. खोलीत सोबती एकच, आणि त्याचा मेळ पन्नासच्या वर हवा. सिझेरियनं खरोखरच घटली, त्यामुळे मी टिकलीला नावं ठेवणार नाही.

ईश्वरी पुण्यात हवामानाच्या आकड्यांचं काम करते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यातच तासगावला आली. जयमाला तिची आई. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, लेक एकुलती एक. बाई बेदाण्याच्या शेडवर सव्वीस वर्षं निवडणीचं काम करतात. आता प्रतवारी यंत्र करतं, पण यंत्राच्या नजरेतून सुटलेला माल वेचायला पट्ट्याच्या शेवटी अजून जयमालावहिनीच बसतात.

चाचणी अशी असते. बाईनं बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटं हात धरायचा, शेजारी सोबती. दुखतं, पण इजा होत नाही. ईश्वरीचा नवरा यशराज पहिला बसला. त्यानं पाण्याकडे पाहिलंच नाही, छताकडे पाहत राहिला. चव्वेचाळीस. मग जयमालावहिनी. दंडावर टिकली लावताना म्हणाल्या, “बरं झालं बाई, आठ वर्षांनी कुणीतरी मला टिकली लावली.” आम्ही सगळ्या हसलो. ईश्वरीनं हात पाण्यात घातला, तोंड जरासं वाकडं केलं आणि जयमालावहिनींचा आलेख सरळ वर गेला. मिनिटभरात ईश्वरीच्या लाटा मोडल्या. अडतीस.

शेवटी मी बसले. आम्ही हवामानाबद्दल बोललो.

“आकडा स्पष्ट आहे,” डॉ. नसीमा मुजावर म्हणाल्या. प्रसूतिगृह त्यांचंच. बाई स्वभावानं गोड, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकणाऱ्या नव्हेत. “एक फेरचाचणी नवव्या महिन्यात घेता येते. तोपर्यंत नाव सुवर्णाताईंचं.”

ईश्वरी आईकडे न पाहता म्हणाली, “मम्मी, आकडा आहे. राग माणसावर काढू नकोस.”

जयमालावहिनींनी पिशवी उचलली आणि रिक्षा बघायला बाहेर गेल्या.

पुढच्या आठवड्यात मी घरी गेले तर चहा आला, पोहे आले, शब्द आला नाही. मी ईश्वरीला कुशीवर झोपायचं कसं, उशी कुठं द्यायची ते दाखवत होते. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. बाळंतविड्याचं सगळं तयार होतं. झबली, टोपडी, दुपटी, चादरींच्या घड्या इतक्या नीट की हात लावायला नको वाटावं. शेवटी त्यांनाच राहवेना.

“आयुष्यभर बेदाणं निवडलं,” त्या म्हणाल्या. “हिरवा बाजूला, काळा बाजूला, डागी बाजूला. आता माझीच निवडणी झाली. डागी निगाले मी.”

“तसं नाही हो वहिनी.”

“मग कसं? म्हायेरचं बाळंतपण म्हणायचं आन म्हायेराला दाराभायेर हुबं करायचं? ह्यो कुठला न्याय?”

ईश्वरी पलंगावर उठून बसली. “मम्मी, तू आत असलीस की माझ्या लाटा तुटतात. मी पाहिलंय ते पडद्यावर. मला भीती वाटते गं.”

“माझी?”

“तुझ्या भीतीची.”

वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. ईश्वरी रडायला लागली. मला दोघींचंही वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या एक्क्याऐंशी मार्कांची लाज वाटली. मी त्या घरची कोण होते?

मी वहिनींच्या मागून आत गेले आणि म्हटलं, फेरचाचणी आहे ना, आपण तयारी करू. रोज संध्याकाळी अर्धा तास. श्वास सोडायचा कसा, खांदे सैल ठेवायचे कसे, ईश्वरी कण्हली तरी आपला हात थरथरू द्यायचा नाही कसा. वहिनी आल्या रोज, शेडवरून थेट. शिकायला चांगल्या होत्या. पण ईश्वरी नुसती खोटं खोटं ‘आई गं’ म्हणाली तरी त्यांचा हात गार पडायचा. त्या हाताचं काय करावं, ते मला कळत नव्हतं.

नवव्या महिन्यात फेरचाचणी झाली. बर्फाचं पाणी, टिकल्या, तीच खोली. ईश्वरीनं तोंड वाकडं केलं, वहिनी शांत बसून राहिल्या. त्यांची नाडी बावन्नच्या वर गेलीच नाही. ईश्वरीच्या लाटा एकदाही तुटल्या नाहीत. त्रेसष्ट!

ईश्वरीनं आईला मिठी मारली. मुजावर डॉक्टरांनी हात मिळवून अभिनंदन केलं. मी मात्र त्या बावन्नकडे बघत राहिले. महिनाभर रोज ज्या बाईचा हात धरला, तिची नाडी मला पाठ होती. ती नुसती बसली तरी ऐंशी असते.

बाहेरच्या बाकापाशी वहिनी भिंतीला टेकल्या. चेहरा पांढरा पडला होता. मी धरून बसवलं, डोकं खाली करायला लावलं.

“काय घेतलंत?”

“काय न्हाई.”

“वहिनी, मी नर्स होते.”

“शेजारच्या अक्कांची गोळी. धडधडीची. एक घ्यायची असती, मी दोन घेतल्या.”

मी कपाळावर हात मारला. दुसऱ्याच्या हृदयाची गोळी, तीही दुप्पट! माझा आवाज चढला, पण त्यांचं तोंड बघून तसाच उतरला. आत जाऊन नर्सला सांगितलं, रक्तदाब मोजून घेतला. तो कमी होता, पण घाबरण्याइतका नव्हता. नर्सनं त्यांना तासभर झोपवून ठेवलं. मी जवळ बसले.

“एवढं का, वहिनी? बाहेर बसलात तरी लेक तुमचीच आहे.”

“भायेर बसायचंच न्हाई मला.” त्यांनी डोळे मिटले होते. “ईश्वरीच्या टायमाला सव्वीस तास एकली होते. एका दवाखान्यात. आईला आत सोडली न्हाई. मी वरडले तर सिस्टर म्हणली, गप पड, तुलाच एकटीला पोर होतंय व्हय? मांडीवर चापट मारली. मी तोंडात पदर घातला. दात मोडला त्यात माझा, हा बघा. बाळ झालं, कुणी सांगितलं पण न्हाई पोरगं का पोरगी.”

मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

“ती सिस्टर मी नव्हते,” मी म्हटलं. “मी तेव्हा मिरजेला होते. पण तसं मी बोलले आहे, वहिनी. एका वेळी सात-सात बाया, नर्स आम्ही दोघी. मीही म्हटलंय, गप पड. एकीला चापटही मारली. तिचं नाव विसरले, तोंड नाही विसरले. म्हणून नोकरी सोडली आणि हे काम धरलं.”

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनींनी डोळे उघडून माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता उठून जातील आणि पुन्हा दारात उभं करणार नाहीत.

“चुकलंच तुमचं,” त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, “पण सांगितलं तुम्ही.”

त्यांनी माझा हात धरला. महिन्यात पहिल्यांदा तो हात गरम होता.

गोळीचं डॉक्टरांना सांगणं भाग होतं. वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, सांगा, मीच येते. दोघी गेलो. मुजावर डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“चाचणी रद्द. नियमानं तुम्हाला आता आत येता येणार नाही. मला वाईट वाटतंय.”

“डॉक्टर, एक बघा,” मी म्हटलं. पडद्यावर दोन्ही चाचण्यांचे आलेख शेजारी शेजारी मांडायला लावले. “पहिल्या वेळी आई घाबरली, लेक मोडली. दुसऱ्या वेळी गोळीनं आईचं अंग शांत राहिलं, तर लेकीच्या लाटा माझ्या वेळच्याहून चांगल्या आल्या. मेळ माझ्याहून कमी आला, तो दोन्ही रेघा जुळाव्या लागतात आणि आईची नाडी गोळीनं सपाट होती म्हणून. आईचं असणं तिला हवंच आहे. नको आहे ती आईची भीती.”

“मान्य. पण भीती काढायची कशी? गोळ्या देऊन?”

“आईचा हात कुणीतरी धरून. मी.”

“म्हणजे तीन माणसं झाली. यंत्र मेळ दोनच टिकल्यांचा काढतं, ताई. तिघींचा मेळ कुणी मोजलेला नाही. मोजल्याशिवाय मी आत घेऊ शकत नाही.”

“आणि आत घेतल्याशिवाय मोजणार कसा?”

त्या हसल्या आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला. ईश्वरीला घरी जाऊन वहिनींनीच सगळं सांगितलं, दोन गोळ्यांपासून दातापर्यंत. ईश्वरीला आईच्या मोडक्या दाताची गोष्ट पंचवीस वर्षांत माहीत नव्हती. तिला वाटायचं, खारीक फोडताना मोडला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सात वाजता ईश्वरीला घेऊन आम्ही प्रसूतिगृहात पोचलो. यशराजला फोन झाला, पण त्याला पुण्याहून निघायला बारा वाजणार होते. वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या. मी आत गेले.

सुरुवात छान झाली. ईश्वरी खोलीत फेऱ्या मारत होती, कळ आली की माझ्या खांद्यावर ओणवी व्हायची, मी कमरेवर तळवे दाबून धरायची. अकरापर्यंत गर्भपिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलं. पडद्यावर लाटा ओळीनं येत होत्या. मेळ, ब्याऐंशी.

मग सगळं थबकलं. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. तोंड सातच. बाळाचे ठोके चांगले होते, पण ईश्वरीच्या लाटा खाली खाली जात होत्या. अ‍ॅड्रिनलिनची रेघ वर सरकत होती. मी सगळं करून पाहिलं. गरम पाण्याचा शेक, कूस बदलणं, हळू आवाजात बोलणं. माझा आलेख शांत होता आणि तिच्यापर्यंत पोचत नव्हता. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. नर्स येता-जाता दार उघडायची, तेव्हा दर वेळी ईश्वरीची मान तिकडे वळायची.

“काय बघतेस गं?”

“मम्मी जेवली का?” तिनं विचारलं आणि रडायला लागली. “मावशी, ती बाहेर एकटी बसलीय. तिलाही तेव्हा असंच बाहेर... म्हणजे आत... एकटीच होती ना ती. आणि मीच तिला नको म्हटलं.”

जन्मभर मम्मी म्हणणाऱ्या मुली कळ आली की ‘आई’ म्हणतात, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. पुढची कळ आली आणि ईश्वरी माझ्या कानात ओरडली, “आई!” ही हाक मात्र दाराबाहेर बसलेल्या आईलाच होती.

डॉक्टर तपासून म्हणाल्या, “अर्ध्या तासात कळा वाढवायची ड्रिप लावते. त्यानंही पुढं सरकलं नाही तर सिझेरियन करावं लागेल.”

“मग तो अर्धा तास मला द्या,” मी म्हटलं. “तिघींना. टिकली जयमालावहिनींनाही लावा. बिघडतंय असं दिसलं तर मी स्वतः त्यांना बाहेर नेते.”

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, ईश्वरीकडे पाहिलं. चाचणीच्या खोलीत ही बाई नियम सोडत नाही, पण इथे तिच्यासमोर बाळ अडलेलं होतं. “अर्धा तास,” त्या म्हणाल्या.

मी बाहेर गेले. वहिनी बाकावर ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. डबा शेजारी न उघडलेला. “चला,” म्हटल्यावर त्या उठल्या आणि मग तिथंच थांबल्या.

“ताई, मला लई भ्या वाटतंय. माझ्यापायी वाईट व्हईल.”

“वाटू दे. आत आल्यावरही तसंच सांगा. लपवू नका.”

आत डॉक्टरांनी त्यांच्या दंडावर टिकली चिकटवली. यंत्रानं लगेच तक्रार केली. पडद्यावर लाल अक्षरं आली: जोडी ओळखता येत नाही. मेळाच्या चौकटीतले ब्याऐंशी गेले आणि नुसती रेघ उरली. ते यंत्र टूं टूं करायला लागलं, तसा डॉक्टरांनी त्याचा आवाज बंद केला आणि तिघींचे कच्चे आलेख एकाखाली एक लावून ठेवले.

ईश्वरी पलंगाच्या कडेला बसली होती. वहिनींनी तिला समोरून धरलं. मी वहिनींच्या पाठीला पाठीमागून छाती टेकली, दोन्ही हात त्यांच्या दंडांवर ठेवले. कळ आली. ईश्वरी कण्हली आणि वहिनींची रेघ उसळली, अगदी पहिल्या दिवशीसारखी. माझ्या हातांना ते पडद्याच्या आधी कळलं.

“सांगा तिला,” मी म्हटलं.

“ईसू, मी घाबरलीय गं,” वहिनी म्हणाल्या. “लई घाबरलीय. पण मी हितंच हाय. कुठं जात न्हाई.”

“मीपण घाबरलेय,” ईश्वरी म्हणाली.

“मग दोघी मिळून घाबरू.”

मी श्वास सोडला, लांब. वहिनींचा श्वास माझ्या मागोमाग आला, महिनाभर घोटून घेतलेला. दुसरी कळ, तिसरी कळ. चौथ्या कळेला ईश्वरीनं ओठ घट्ट दाबून धरले, आवाज गिळला. वहिनींनी तिची हनुवटी धरून वर केली.

“त्वांड उघड. वरड. पायजे तेवढी वरड. हितं कोण गप म्हणतंय ते बघते मी.”

ईश्वरी ओरडली. खोली भरून, खिडकीबाहेरच्या रस्त्यापर्यंत जाईल अशी ओरडली. मी जवळच होते, माझ्या कानठळ्या बसल्या, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टर पडद्यापाशी उभ्या होत्या. वहिनींची रेघ उतरत होती. त्यांच्या मागून, मिनिट-दीड मिनिटाच्या अंतरानं, ईश्वरीची. लाटा परत येत होत्या, आधी बुटक्या, मग चांगल्या उंच.

अर्धा तास झाला तेव्हा डॉक्टरांनी तपासलं आणि “आठ” एवढंच म्हणाल्या. ड्रिपची बाटली नर्सनं परत कपाटात ठेवली. पाचला दहा मिनिटं कमी असताना मुलगी झाली, तीन किलो शंभर ग्रॅम. नर्सनं “मुलगी आहे हं, आजी,” असं मुद्दाम वहिनींकडे वळून सांगितलं. तिला ते कुणी सांगायला लावलं, हे मी सांगणार नाही.

यशराज साडेपाचला धापा टाकत आला. डॉक्टर नोंदीचा फॉर्म भरत बसल्या होत्या. मेळाच्या रकान्यात आकडाच लागतो, शब्द लिहिला की फॉर्म पुढं सरकत नाही. त्यांनी तीनदा प्रयत्न केला, मग तिघींचे आलेख जोडून एक लांबलचक पत्र लिहिलं आणि ज्यांनी टिकली बनवली त्यांनाच पाठवून दिलं. तीन टिकल्यांचा मेळ काढता येईल अशी सोय करा, असं त्यात होतं. उत्तर यायला वेळ लागेल. तशी मला घाई नाही.

घरी गेल्यावरही बाळंतिणीच्या दंडावर टिकली सव्वा महिना राहते. मन फार खाली गेलं, झोप मोडायला लागली, की तिचा संदेश माझ्याकडे आणि डॉक्टरांकडे येतो. बाराव्या दिवशी सकाळी दहाला ईश्वरीच्या टिकलीचा संदेश आला. मी आधी डॉक्टरांशी बोलले. त्यांनी दुसऱ्या दिवशीची वेळ दिली, समुपदेशकबाईंनाही बोलावून घेतलं. मग मी घरी गेले.

घरात शेगडीचा, ओव्याचा वास होता. बाळ पाळण्यात जागं होतं. ईश्वरी न्हाऊन, डोक्याला फडकं बांधून बसली होती. बरी दिसत होती. बरं दिसण्यावर मी विश्वास ठेवत नाही. वहिनी आत अळिवाची खीर ढवळत होत्या. मी जवळ बसले आणि काही विचारलं नाही. दहा मिनिटांनी तिनंच तोंड उघडलं.

“मावशी, मी सगळं करते. दूध पाजते, लंगोट बदलते. पण तिच्याकडे बघून मला काहीच वाटत नाही. मी वाईट आहे का?”

“नाही,” मी म्हटलं. “असं होतं पुष्कळ जणींना. उद्या डॉक्टरांकडे जायचंय आपल्याला, मी बरोबर असेन. यावर इलाज असतो.”

आत खीर ढवळणारा डाव थांबला होता. वहिनींनी ऐकलं होतं. मला धाकधूक वाटली. ‘असं बोलू नये लेकरासमोर’ म्हणून किती आयांनी किती मुलींची तोंडं बंद केलेली मी पाहिली आहेत.

वहिनी बाहेर आल्या. हात पदराला पुसले, ईश्वरीच्या शेजारी गादीवर बसल्या.

“मला बी न्हवतं वाटलं,” त्या म्हणाल्या.

ईश्वरीनं मान वर केली. “कधी?”

“तुझ्या टायमाला. चार म्हैनं. समदी म्हणायची, काय ग्वाड पोरगी हाय. मी म्हणायची, व्हय. पाजायची, धुवायची, निजवायची, शेजारणीचं पोर सांभाळल्यागत. आत काय म्हणजे काय न्हवतं.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“कुणालाच न्हाई सांगितलं. आज पैल्यांदा बोलतीया.”

ईश्वरी आईकडे बघत राहिली. मी हळूच उठले. ताटवाटी विसळायची होती, ती निमित्ताला बरी होती. पण पाय दारातच अडले आणि मी ऐकत उभी राहिले, त्याबद्दल मला कुणी काही म्हटलं तरी चालेल.

“मग कधी वाटायला लागलं?” ईश्वरीनं विचारलं.

“शेडवर होते. तुला तुझ्या आजीपाशी ठिवलेलं. दुपारी जेवायला बसले, भाकरी मोडली आन एकदम मनात आलं, ही आता काय करत असंल? बास, यवढंच. भाकरी तशीच झाकली, मुकादमाला न सांगता घरला आले. तू निजलेली. मी तू उठायची वाट बघत बसले.”

“आणि मग?”

वहिनींनी लेकीच्या डोक्यावरचं सुटलेलं फडकं नीट बांधलं.

“मग काय? अजून थांबलं न्हाई.”